डिस्कोचा उगम व अंत : एका बखरीची चिकित्सा

१. विषयप्रवेश

एखाद्या काळाविषयीं रसाळ बखर लोकांत एकदां रूढ झाली म्हणजे तिच्याखालीं अस्सल कागद कसे दडपले जातात, याचा अनुभव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व पानिपतच्या प्रकरणीं बखरकारांचीं विधानें समकालीन पत्रांशीं ताडून पाहिलीं. तेव्हांपासून ही दृष्टि आपल्याकडे स्थिर झाली. तीच कसोटी अलीकडच्या व परदेशीय अशा एका विषयास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा विषय म्हणजे अमेरिकेंत, मुख्यतः न्यूयॉर्क शहरांत, इ. स. १९७० च्या सुमारास उदयास आलेलें 'डिस्को' नांवाचें नृत्यसंगीत व त्याच्याभोंवतीं वाढलेला रात्रीच्या नृत्यगृहांचा व्यवहार.

ज्या गोष्टीस पुरतीं साठ वर्षेंहि झालीं नाहींत तिला इतिहास कसला, अशी शंका कित्येकांस येईल. परंतु चिकित्सेची निकड काळाच्या लांबीवर अवलंबून नसून साधनांच्या स्थितीवर अवलंबून असते. या प्रकरणीं ती स्थिति अशी कीं, ज्यांनीं हा इतिहास घडविला त्यांपैकीं अनेकजण अकालीं निवर्तले. मूळ साधनें कागदाहूनहि नाशवंत द्रव्यांचीं आहेत. आणि प्रचलित वृत्तांताचा पाया ज्या लेखांत आहे, तो बव्हंशीं कल्पित असल्याची कबुली खुद्द त्याच्या कर्त्यानेंच दिलेली आहे.

२. बखर व बखरकार

सामान्य समजूत अशी कीं, डिस्को इ. स. १९७७ च्या सुमारास ब्रुकलिनमधील गोऱ्या कामकरी तरुणांत जन्मास आला, वर्ष दोन वर्षें त्याचा धुमाकूळ चालला, व ता. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागो येथें त्याचा एका रात्रींत अंत झाला. या समजुतीच्या पूर्वार्धाचें मूळ 'न्यूयॉर्क' नांवाच्या साप्ताहिकाच्या ता. ७ जून १९७६ च्या अंकांत आहे. त्या अंकांत निक कोन या ब्रिटनहून आलेल्या लेखकानें बे रिज वस्तींतील '२००१ ऑडिसी' या नृत्यगृहाचें व तेथें शनिवारीं रात्रीं नाचावयास येणाऱ्या व्हिन्सेंट नामक तरुणाचें विस्तृत वर्णन केलें. दिवसा दुकानांत राबणारा व शनिवारच्या रात्रीं नाचाच्या पटांगणावर राजा होणारा असा हा नायक होता. वर्णिलेलें सर्व खरें असून तें लेखकानें स्वतः पाहिलेलें किंवा संबंधितांकडून प्रत्यक्ष ऐकलेलें आहे, असा निर्वाळाहि लेखासोबत छापलेला होता.

या लेखावरून जॉन बॅडम यांच्या दिग्दर्शनाखालीं 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट निघून डिसेंबर १९७७ मध्यें प्रदर्शित झाला. जॉन ट्रॅव्होल्टा हा त्यांतील नायक, व गीतें मुख्यतः बी जीज या बंधूंचीं. त्या गीतांचा संच अमेरिकेंत इ. स. १९७८ त सलग २४ आठवडे विक्रीच्या यादींत अग्रभागीं राहिला. याप्रमाणें बखर घरोघर पोंचली.

पुढें इ. स. १९९० नंतरच्या दशकांत कोन यानें सांगून टाकलें कीं, लेखाचा नायक आपण रचलेला असून, लंडनमध्यें इ. स. १९६० नंतरच्या दशकांत आपल्या परिचयाच्या असलेल्या एका तरुणाच्या नमुन्यावर तो बेतला होता; बे रिजच्या लोकांविषयीं आपणांस फारशी माहिती नव्हती. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याच लेखासोबत जेम्स मॅकमुलन या चित्रकाराचीं चित्रें छापलेलीं होतीं, व तीं त्यानें त्या नृत्यगृहांत जाऊन स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलीं होतीं. म्हणजे एकाच पानावर मजकूर कल्पित व चित्र आधारयुक्त, असा प्रकार झाला आहे. स्थळ खरें, नाचणारे खरे, परंतु नायक व प्रसंग रचलेले. बखरवाङ्मयाशीं परिचय असलेल्यांस हें मिश्रण ओळखीचें वाटेल, आणि बखर सरसकट फेंकून न देतां तिचें पृथक्करण कां करावें लागतें, हेंहि त्यावरून दिसून येईल.

३. उगमाचा समकालीन पुरावा

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'डिस्कोथेक' हा शब्द फ्रेंच असून ग्रंथालयवाचक फ्रेंच शब्दाच्या धर्तीवर बनलेला आहे. त्याचा मूळ अर्थ 'तबकड्यांचा संग्रह' असाच होय. वादकांच्या ताफ्याऐवजीं तबकड्या लावून नाच करण्याच्या पॅरिसमधील जागांस तो लागू झाला, व अमेरिकेंत त्याचा संक्षेप 'डिस्को' असा झाला. म्हणजे हें नांव आरंभीं जागेचें होतें. त्या जागेंत वाजणाऱ्या संगीतास तें मागाहून चिकटलें. संगीत आधीं निर्माण झालें व मग लोक त्यावर नाचूं लागले असा येथें क्रम नसून, नाचणारे व त्यांची खोली हीं आधीं होतीं, आणि त्यांच्या गरजेनें संगीतास आकार दिला. हा क्रम ध्यानांत न घेतल्यास पुढील पुराव्याचा अर्थ लागणार नाहीं.

हा पुरावा इ. स. १९७० पासून मिळतो. त्या वर्षीं ता. १४ फेब्रुवारी रोजीं डेव्हिड मॅन्कुसो यानें न्यूयॉर्कमध्यें ब्रॉडवेवरील ६४७ क्रमांकाच्या इमारतींतील आपल्या राहत्या जागेंत निमंत्रितांसाठीं नाचाची मेजवानी केली. तिचें नांव 'लव्ह सेव्हज द डे' असें होतें, व त्याच्या आद्याक्षरांत त्या काळच्या एका प्रसिद्ध मादक द्रव्याचा उल्लेख दडलेला होता. हीच जागा पुढें 'द लॉफ्ट' या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथें मद्य विकलें जात नसे. येणारा ठराविक वर्गणी देई. आणि जागा खासगी असल्यामुळें सार्वजनिक पानगृहें बंद झाल्यावरहि नाच पहाटेपर्यंत चाले. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्टो रिकोचे रहिवासी होते, स्त्रिया होत्या, व समलिंगी पुरुष मोठ्या संख्येनें होते. या शेवटच्या वर्गाच्या पानगृहांवर पोलिसांचे छापे नेहमींचे होते. जून १९६९ मध्यें स्टोनवॉल नामक पानगृहावरील अशाच छाप्यास प्रतिकार होऊन मोठा दंगा झाला होता. अशा लोकांस निर्धास्तपणें एकत्र नाचतां येईल अशी जागा मिळणें ही केवळ करमणुकीची बाब नव्हती. त्या जागेच्या व्यवस्थेंतील प्रत्येक नियम, म्हणजे निमंत्रण, मद्यविक्रीचा अभाव व खासगीपणा, कोणत्या ना कोणत्या भयाचें निवारण करणारा होता.

त्याच सुमारास पश्चिम ४३ व्या रस्त्यावरील एका जुन्या जर्मन बाप्टिस्ट चर्चच्या इमारतींत 'सँक्चुअरी' हें नृत्यगृह चालत असे. तेथें फ्रान्सिस ग्रासो या डिस्क जॉकीनें, म्हणजे तबकड्या निवडून त्या नाचासाठीं वाजविणाऱ्या माणसानें, दोन तबकड्यांचे ठेके एकमेकांशीं जुळवून पहिली संपण्यापूर्वींच दुसरी तींत मिसळण्याची रीत प्रचारांत आणली. त्यामुळें गाण्यागाण्यांतील खंड नाहींसा होऊन रात्र सलग झाली.

या खोल्यांचें वजन बाजारावर कसें पडे, याचें निर्विवाद उदाहरण 'सोल मकोसा' या तबकडीचें आहे. कॅमेरूनचा वादक मनु डिबांगो याची ही तबकडी इ. स. १९७२ त फ्रान्समध्यें निघाली. मॅन्कुसो यास तिची प्रत ब्रुकलिनमधील वेस्ट इंडियन लोकांच्या एका दुकानांत सांपडली. त्यानें ती लॉफ्टमध्यें वाजवितांच तिला एवढी मागणी आली कीं, आयात झालेल्या थोड्याशा प्रती संपून गेल्या, दुसऱ्यांनीं तिच्या नकला मुद्रित केल्या, व इ. स. १९७३ त अटलांटिक कंपनीनें मूळ तबकडी अमेरिकेंत काढली. ती राष्ट्रीय यादींत ३५ व्या क्रमांकापर्यंत चढली.

लेखी पुरावाहि याच काळापासून आहे. व्हिन्स अलेटी यानें सप्टेंबर १९७३ मध्यें 'रोलिंग स्टोन' पत्रांत या नृत्यगृहांवर लेख लिहिला. नोव्हेंबर १९७४ पासून तोच लेखक 'रेकॉर्ड वर्ल्ड' या व्यापारी साप्ताहिकांत 'डिस्को फाइल' हें सदर लिहूं लागला. त्यांत दर आठवड्यास निरनिराळ्या नृत्यगृहांतील डिस्क जॉकींनीं पाठविलेल्या तबकड्यांच्या याद्या छापल्या जात. संशोधकाच्या दृष्टीनें हें सदर म्हणजे एक शकावलीच होय. स्थळ, व्यक्ति, तबकडी व आठवडा हीं चारहि अंगें त्यांत समकालीन नोंदींत मिळतात, आणि पुढें अमुक मत सिद्ध व्हावें असा हेतु त्या नोंदींमागें असूं शकत नाहीं. इ. स. २००९ त हीं सदरें ग्रंथरूपानें एकत्र प्रसिद्ध झालीं, हें अभ्यासकांचें भाग्यच म्हटलें पाहिजे. इ. स. १९७५ त मॅन्कुसो व त्याचे सहकारी यांनीं डिस्क जॉकींचा संघ स्थापिला व कंपन्यांकडून नव्या तबकड्या सामुदायिक रीतीनें मिळविण्याची व्यवस्था केली. व्यवसायाचा संघ व्हावा इतका तो तोंपर्यंत वाढला होता.

वरील सर्व पुरावा कोनच्या लेखापूर्वींचा आहे. त्यांत ब्रुकलिनचा व्हिन्सेंट कोठेंहि नाहीं.

४. तबकडी : प्रत, पाठभेद व पुष्पिका

आतां प्रत्यक्ष तबकडीकडे वळूं. कारण हस्तलिखितांच्या संग्राहकांस ज्यांत विशेष गोडी वाटेल असा भाग हाच आहे.

डिस्कोच्या ठेक्याची घडण फिलाडेल्फिया येथील सिग्मा साउंड या ध्वनिमुद्रणगृहांत झाली. तेथील ड्रमवादक अर्ल यंग यानें इ. स. १९७३ त 'द लव्ह आय लॉस्ट' या हॅरोल्ड मेल्व्हिन व ब्लू नोट्स यांच्या गीतांत चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनांत चारहि मात्रांवर मोठ्या ड्रमाचा सारखा आघात ठेविला व त्यांच्या मधल्या जागीं झांजांची उघडी सळसळ भरली. नाचणाऱ्याच्या पायास आधार व डिस्क जॉकीस जोडणी करण्यास निश्चित माप, असा दुहेरी लाभ यांत होता.

परंतु तबकडीचा आकार या संगीतास पुरेना. त्या वेळची चालू तबकडी सात इंच व्यासाची असून तींत सुमारें तीन मिनिटांचें गाणें बसे. न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन यानें प्रथम नाचासाठीं गाणीं सलग जोडलेली ध्वनिफीत तयार केली. पुढें ग्लोरिया गेनर हिच्या इ. स. १९७५ च्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या संचाची एक पूर्ण बाजू त्यानें तीन गीतांचें खंड न पडतां मिश्रण करून भरली. ती सुमारें १९ मिनिटांची आहे. बारा इंची तबकडीच्या जन्माची हकीकत मोल्टन यानेंच सांगितलेली आहे. खांचा कोरणाऱ्या कारागिराजवळ सात इंची कोऱ्या चकत्या शिल्लक नव्हत्या, म्हणून नमुन्याची प्रत मोठ्या चकतीवर कोरली. थोड्याच जागेंत खांचा दाटलेल्या विशोभित दिसतात म्हणून त्या विरळ पसरल्या. आणि ती वाजवून पाहतां नाद पूर्वींपेक्षां कितीतरी भरदार निघाला. ही गोष्ट आख्यायिकेसारखी वाटली तरी तिच्यांतील कार्यकारणभाव खरा आहे. खर्जाच्या स्वरांनीं खांच दोहों बाजूंस अधिक हेलकावे घेते. शेजारच्या खांचेंत अंतर असेल तरच ते हेलकावे मोठे ठेवतां येतात, व आवाज वाढवितां येतो.

लोकांस विकत मिळणारी पहिली बारा इंची एकगीत तबकडी म्हणून इ. स. १९७६ तील 'टेन पर्सेंट' हिचा निर्देश करतात. डबल एक्स्पोझर या गायकसमूहाचें हें गीत साल्सोल कंपनीनें काढलें. वॉल्टर गिबन्स या डिस्क जॉकीनें मूळ ध्वनिफितीची नव्यानें जुळणी करून तीन मिनिटांच्या गाण्याचें नऊ मिनिटांहून अधिक लांबीचें रूप सिद्ध केलें. म्हणजे एकाच गीताचे सात इंची, दीर्घ संचांतील व बारा इंची असे तीन पाठ झाले, आणि त्यांतील शेवटचा पाठ कवीनें वा गायकानें केलेला नसून नाचणाऱ्यांसमोर रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या माणसानें केलेला आहे. लेखकाच्या पोथीपेक्षां कीर्तनकाराच्या बाडांत पदाचें रूप निराळें आढळतें, त्यांतलाच हा प्रकार. कोणता पाठ 'मूळ' हा प्रश्न येथें निरर्थक असून, कोणता पाठ कोणत्या उपयोगासाठीं झाला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

या तबकड्यांस पुष्पिकाहि असते. अखेरच्या खांचेच्या व मधल्या कागदी चिठ्ठीच्या दरम्यान जी कोरी पट्टी राहते तींत साच्याचा क्रमांक, कोरणाऱ्या गृहाचा शिक्का, व कित्येकदां कारागिराचीं आद्याक्षरें हातानें कोरलेलीं आढळतात. चिठ्ठी एकच असून हे कोरीव अंक निराळे असल्यास त्या दोन प्रती निरनिराळ्या कोरणीच्या समजाव्या. प्रतींची वंशावळ लावण्यास याहून चांगलें साधन नाहीं.

छापील तबकड्यांखेरीज हातोहात फिरणाऱ्या प्रतींचाहि एक वर्ग आहे. अल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या द्रव्याचा लेप देऊन तींत एकेकटी प्रत कोरून घेण्याची सोय न्यूयॉर्कमध्यें होती, व डिस्क जॉकी आपण केलेले पाठ अशा प्रतींवर उतरवीत. सान फ्रान्सिस्कोचा पॅट्रिक काउली यानें इ. स. १९७८ त डोना समर हिच्या 'आय फील लव्ह' या गीताचा १५ मिनिटांहून मोठा पाठ कोणीहि सांगितलेलें नसतां तयार केला. मूळ गीत इ. स. १९७७ चें, जॉर्जिओ मोरोडर व पीट बेलॉट यांनीं म्युनिकमध्यें जवळजवळ सर्वस्वीं विद्युत्स्वरयंत्रावर रचलेलें. काउलीचा पाठ कांहीं वर्षें डिस्क जॉकींतच फिरत राहिला, व कंपनीनें तो सर्वांसाठीं काढला इ. स. १९८२ त. छापील यादींवरच विसंबणाऱ्यास तो चार वर्षें उशिराचा वाटेल.

५. अंताची कथा

बखरीच्या उत्तरार्धाचेंहि असेंच परीक्षण केलें पाहिजे. ता. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क या क्रीडांगणांत बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत स्टीव्ह डाल या रेडिओनिवेदकानें डिस्कोच्या तबकड्या स्फोटानें उडविण्याचा समारंभ केला. तबकडी आणणाऱ्यास प्रवेश अवघ्या ९८ सेंटांत होता. सुमारें ५० हजार लोक जमले. स्फोटानंतर हजारों पटांगणांत घुसले. जमीन उखडली, ३९ जणांस अटक झाली, व दुसरा सामना यजमान संघास सोडून द्यावा लागला. यांत वर्णद्वेष नव्हता असें डाल पुढें सांगत आला. उलट, त्या दिवशीं दारावर तबकड्या गोळा करणारा कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स याची साक्ष अशी कीं, आलेल्या तबकड्यांत डिस्कोच्या नव्हेत अशा, परंतु कृष्णवर्णीय गायकांच्या, पुष्कळ होत्या. समारंभ करणाऱ्याचा हेतु व आलेल्या जमावाचें वर्तन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लॉरेन्सची साक्ष दुसरीविषयींची असल्यामुळें डालच्या सांगण्यानें ती खोडली जात नाहीं.

कंपन्यांनीं डिस्को या नांवाखालीं मालाचा अतोनात भरणा केल्यामुळें बाजार तुंबला होता, आणि या घटनेनंतर त्यांनीं तें नांव टाकलें, हें खरें. अमेरिकेच्या ग्रॅमी पारितोषिकांत डिस्कोचा स्वतंत्र वर्ग इ. स. १९८० त एकदांच झाला, व तें पारितोषिक गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह' या गीतास मिळालें. परंतु नांव टाकलें म्हणजे वस्तु नष्ट होत नाहीं. स्फोटानंतर दोनच महिन्यांनीं 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली. तिचा पाया शीक या समूहाच्या 'गुड टाइम्स' या डिस्को गीताचा आहे. न्यूयॉर्कमध्यें किंग रस्त्यावरील पॅरडाइज गॅरेज हें नृत्यगृह लॅरी लेव्हन याच्या हाताखालीं इ. स. १९८७ पर्यंत चाललें. ज्या शिकागोंत दहन झालें त्याच शिकागोंत वेअरहाउस या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत होता, व तेथून पुढें निघालेल्या नव्या संगीतास त्या जागेवरून 'हाउस' हें नांव पडलें असें मानतात. लेव्हन व नकल्स हे दोघेहि तरुणपणीं लॉफ्टमध्यें नाचावयास जाणारे, आणि वर ज्याची साक्ष दिली तो लॉरेन्सच पुढें हाउसच्या पहिल्या तबकडीकारांत मोडतो. एवढी सरळ गुरुपरंपरा असतां मृत्यूची तारीख सांगणें धाडसाचें होय.

आपल्याकडील पुरावाहि याच बाजूचा आहे. मूळचा बंगलोरचा व इंग्लंडांत स्थायिक झालेला बिद्दू हा इ. स. १९७४ तील 'कुंग फू फाइटिंग' या जगप्रसिद्ध तबकडीचा निर्माता. त्यानेंच नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीकडून म्हणवून घेतलेलें गीत इ. स. १९८० च्या 'कुर्बानी' या मुंबईच्या चित्रपटांत आलें, व इ. स. १९८२ त बप्पी लाहिरी यांचें संगीत असलेला 'डिस्को डान्सर' निघून तो सोव्हिएत देशांतहि अपार लोकप्रिय झाला. अमेरिकेंत श्राद्ध उरकलें असें म्हणतात त्यानंतर येथें जन्मोत्सव झाला.

६. साधनांची स्थिति

या इतिहासाचें खरें नुकसान शिकागोच्या स्फोटानें केलेलें नाहीं, तें इ. स. १९८१ नंतर एड्सच्या रोगानें केलें. काउली इ. स. १९८२ त, त्याचा सहकारी गायक सिल्व्हेस्टर इ. स. १९८८ त, व गिबन्स इ. स. १९९४ त या रोगानें निवर्तला. नांव न उरलेले नाचणारे तर असंख्य. ज्यांच्याकडून करीने लिहून घ्यावयाचे तेच गेले, आणि त्यांच्या खोल्यांतील खोकीं नातलगांनीं किंवा घरमालकांनीं उचलून टाकलीं. काउलीच्या ध्वनिफिती त्याच्या मृत्यूनंतर सुमारें तीस वर्षांनीं पुन्हा बाहेर आल्या, यावरून काय राहून गेलें असेल याची कल्पना येते. टिम लॉरेन्स यानें उरलेल्यांच्या मुलाखती घेऊन इ. स. २००३ त ग्रंथ सिद्ध केला. तो आणखी दहा वर्षें थांबता तर पुष्कळ मुखें कायमचीं बंद झालीं असतीं.

द्रव्यांचा क्षयहि चालू आहे. लेपाच्या चकतीची खांच प्रत्येक वेळीं सुईनें झिजते, व लेप कालांतरानें तडकून सुटतो. त्या काळच्या कित्येक ध्वनिफितींतील चिकट द्रव्य हवेंतील ओल शोषून मऊ होतें व फीत यंत्रास चिकटते; मंद उष्णतेनें ती तात्पुरती सुधारते, व तेवढ्यांत तिची नक्कल करून घ्यावी लागते. म्हणून संग्राहकांनीं पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. लेपाची चकती एकदांच, तीहि नक्कल घेण्यासाठींच, वाजवावी. कोऱ्या पट्टींतील कोरीव अंक जसेच्या तसे उतरून घ्यावे. वेष्टनावर डिस्क जॉकीनें पेन्सिलीनें लिहिलेले दर मिनिटाच्या ठोक्यांचे आंकडे व खुणा पुसून वेष्टन स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. पोथीच्या समासांतील टिपणाइतकेंच त्यांचें मोल आहे. आणि संग्रह कोणाचा होता व तो कोठून आला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कारण फोडून विकलेल्या दफ्तरांतील प्रत्येक कागद शाबूत राहिला तरी दफ्तर राहत नाहीं.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, डिस्कोचा उगम इ. स. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील खासगी व अर्धवट लपलेल्या नृत्यगृहांत, कृष्णवर्णीय, लॅटिन व समलिंगी समाजांच्या एकत्र येण्यांतून झाला. ब्रुकलिनचा नायक ही मागाहूनची रचना होय. दोन, इ. स. १९७९ तील घटनेनें नांवाचा बाजार मोडला. परंपरा मोडली नाहीं. तीन, या विषयाचें अव्वल साधन लेख नसून तबकडी, ध्वनिफीत व साप्ताहिक याद्या हीं आहेत, व त्यांचें वाचन पोथीच्या शिस्तीनेंच केलें पाहिजे.

बखरीनें ज्यांचें श्रेय दुसऱ्याच्या नांवावर घातलें त्यांस तें परत मिळवून देणें, हें इतिहाससंशोधनाचें जुनेंच कर्तव्य आहे. तें येथें लढाया व तह यांऐवजीं एका नाचाच्या खोलीसंबंधानें करावयाचें आहे, एवढाच भेद.